आधी तरंगवून बघा, मग मोटर ठरवा
जुन्या लाकडी बोटीला रिमोट बसवायचा, तर ५४० मोटर घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. दीड फुटी बोटीला तिच्याहून लहान ३८० मोटर पुरते. ५४० आणि तिला लागणारी बॅटरी यांच्या वजनाने बोट दबेल. आधी टबमध्ये सगळं सामान बोटीत नुसतं ठेवून पाणी कुठवर चढतं ते पेन्सिलीने आखा. बॅटरी तळाशी, मध्यरेषेवर बसली की वळताना बोट कमी कलते.

खरी कसोटी शाफ्टची, म्हणजे मोटरपासून पंख्यापर्यंत जाणाऱ्या दांड्याची. मोटर आणि शाफ्ट एका रेषेत नसतील तर त्यांना जोडणारं कपलिंग खडखडतं, करंट जास्त खेचला जातो, मोटर तापते. म्हणून मोटर पक्की करण्याआधी शाफ्ट दोन बोटांनी फिरवून बघा, कुठेही अडकता कामा नये. शाफ्ट ज्या नळीतून बाहेर जातो तिच्यात ग्रीस भरा आणि तिचं आतलं तोंड त्या पेन्सिलीच्या रेषेच्या वर ठेवा.

आतलं लाकूड इपॉक्सीने सील कराच, नाहीतर ते फुगतं. २.४ गिगाहर्ट्‌झचे रिमोट सिग्नल पाण्यातून जवळजवळ जातच नाहीत, तेव्हा बोटीतली अँटेना वर, डेकजवळ हवी. जुना रंग मात्र कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. शाबूत असेल तर तो तसाच ठेवून वरून वॉर्निश मारा, नव्या रंगाला ती शोभा येत नाही.