स्टाउट जरा गरम होऊ द्या!
कोणीतरी लिहिलंय, स्टाउट (ही काळी बिअर) म्हणजे जळकी कॉफी. फ्रीजमधली थंडगार प्यायलात तर तसंच लागणार हो! १०-१२ अंशांपर्यंत येऊ द्या. परवा बाणेरला मी ग्लास दोन्ही हातांत धरून पंधरा मिनिटं नुसता बसलो होतो (मित्र वैतागला). वर तपकिरी फेस, घट्ट सायीसारखा. पहिला घोट कडू, मग हळूच कोको, आणि शेवटी पोळीवरच्या काळ्या डागाची चव. ही सगळी करामत भाजलेल्या बार्लीची.

आणि काळी म्हणजे कडक, हे डोक्यातून काढा. गिनीज ड्राफ्ट या आयरिश स्टाउटमध्ये अल्कोहोल जेमतेम ४.२ टक्के, आपल्याकडच्या 'स्ट्राँग' बाटलीत ८ पर्यंत.

सोबत मसाला पापड नको, तिखटाने जीभ मरते. खारे दाणे चालतील.