‘सिबिल चुकत नाही’ म्हणे! मग मामांच्या नावावर ट्रॅक्टर कुठून आला?

सांगलीकर भाचा:
काल इथे एकाने लिहिलं, ‘सिबिलमध्ये, म्हणजे कोणी कर्ज कसं फेडलं याची नोंद ठेवणाऱ्या कंपनीच्या रिपोर्टमध्ये, चूक नसते, ती हप्ते बुडवणाऱ्यांची पळवाट असते. आणि नातेवाइकांच्या भानगडीत पडूच नये.’ फार लागलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

मामा एसटीत चालक होते. आयुष्यात एकच कर्ज काढलं, घराच्या स्लॅबचं, तेही पगारातून कापून फिटलं. मामेबहिणीच्या नर्सिंगसाठी शैक्षणिक कर्ज मागायला गेले, तर साहेब म्हणाले, ‘आधी ट्रॅक्टरचं भरा.’ मामांच्या दारात सायकल आहे!

रिपोर्ट काढला. ट्रॅक्टरचं कर्ज, ‘रिटन ऑफ’, म्हणजे बँकेने बुडीत धरलेलं. नाव, आडनाव तेच, जन्मतारीख १ जून, सालही तेच. पत्ता दोन गावं पलीकडचा. आमच्याकडे अर्ध्या गावाचं आडनाव एक. आणि त्या पिढीत ज्याला त्याला १ जून, कारण शाळेत घालताना गुरुजींनीच ती तारीख टाकली. अशी दोन माणसं एक व्हायला कितीसा वेळ लागतो?

ऑनलाइन तक्रार टाकली. सिबिलवाले स्वतः खोडत नाहीत, कर्ज देणाऱ्या बँकेने हो म्हणावं लागतं. चाळीस दिवस नुसतं ‘प्रलंबित’. शेवटी मामांना घेऊन ट्रॅक्टरचं कर्ज दिलेल्या शाखेत गेलो, कर्जाची फाइल काढायला लावली. अर्जावरच्या फोटोत झुपकेदार मिशांचा, टोपीवाला माणूस. अधिकाऱ्याने एकदा फोटो बघितला, एकदा मामांकडे, आणि फाइल मिटली. ४७व्या दिवशी नोंद निघाली. तोवर कॉलेजची फी भरायची तारीख गेली होती.

निवृत्त शाखाधिकारी:
कालचं मीच लिहिलं होतं आणि आजही तेच म्हणेन. ३४ वर्षं काउंटरच्या आत काढलीत. ‘माझं कर्जच नाही’ म्हणत आलेल्यांपैकी बहुतेकांची सही आमच्या फाइलमध्ये सापडायची. सिबिल धरून अशा चारही कंपन्या वर्षातून एकदा रिपोर्ट फुकट देतात, तुमच्या मामांनी कधी उघडला? आणि रिपोर्ट काढताना ओटीपी काय भाच्याला वाचून दाखवला? उद्या दुसरा कोणी भाचा म्हणून येईल.

लोकांना खरं बुडवते ती जामीनकी. तिथे चूक सिबिलची नसते, सही करणाऱ्याची असते.

कोल्हापूरची सून:
जामीनकीवर बोलताय तर ऐका. आमचे हे चुलतदिरांना जामीन राहिले, एका सहकारी बँकेत. दिरांनी हप्ते थांबवले, नोटीस आमच्या दारात. आमचं गृहकर्ज अडलं, दिरांची नवी गाडी मात्र आली. यांच्या रिपोर्टवरचा तो डाग चूक नाही तर काय?

निवृत्त शाखाधिकारी:
ताई, चूक नाही. करार कायद्याचं कलम १२८ वाचा. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. बँक आधी तुमच्याकडेही येऊ शकते. सही करताना विचार करायचा होता.

कोल्हापूरची सून:
कलम मला शिकवू नका. सासऱ्यांनी सगळ्यांसमोर ‘सही कर’ म्हटल्यावर कोण नाही म्हणतं? नाही म्हटलं तर कार्याला बोलावणं बंद. आणि तुमचेच लोक कागदावर बोट ठेवतात, ‘इथे करा, इथे करा’. काय लिहिलंय ते एकाने तरी वाचून दाखवलं का?

पुणेरी पगारदार:
सूनबाईंशी सहमत नाही. मी सख्ख्या मेव्हण्याला नाही म्हटलं. दोन वर्षं बोलला नाही. चालेल. माझ्या मुलांचं घर त्याच्या धंद्यावर टांगणार नाही.

कोल्हापूरची सून:
तुम्हाला चालतं, कारण तुम्ही फ्लॅटमध्ये राहता. आमचा वाडा एक, विहीर एक.

सांगलीकर भाचा:
हात जोडतो, धागा जामीनकीचा नाही! मामांनी कुठेच सही केलेली नव्हती. आणि ओटीपीचं म्हणाल तर मामा शेजारी बसले होते, फोन त्यांच्या हातात होता, तक्रार त्यांच्या नावाने गेली. त्यांना इंग्रजी अर्ज वाचता येत नाही, म्हणून त्यांनी गप्प बसायचं?

रिपोर्ट फुकट मिळतो हे बँकेत काम केलेल्याला माहीत. एसटीचं चाक धरलेल्याला कोणी सांगितलं होतं? रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, ३० दिवसांत तक्रार सुटली नाही तर पुढच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाई. २६ एप्रिल २०२४ पासून लागू. १७ दिवसांचे १७०० होतात. मागितले तर शाखेत म्हणाले, असं काही नसतं.

निवृत्त शाखाधिकारी:
१ जूनचं मान्य करतो. माझ्याच शाखेत त्या तारखेचे इतके ग्राहक होते की आम्ही पत्ता जुळवल्याशिवाय खातं उघडत नसू. पत्ता वेगळा दिसत असताना त्यांनी फोटोचं पान पहिल्याच आठवड्यात उघडायला हवं होतं. ते केलं नाही, हा हलगर्जीपणाच. बाकीचं माझं मत कायम आहे.

१७०० बद्दल शाखा खोटं बोलली. बँकेने २१ दिवसांत सिबिल कंपनीला दुरुस्ती कळवली नसेल तर ते पैसे बँकेनेच द्यायचे, तक्रार सुटल्यापासून पाच कामकाजाच्या दिवसांत. आले का?

सांगलीकर भाचा:
नाही.

निवृत्त शाखाधिकारी:
मग लोकपालाकडे जा, रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर. आधी बँकेला लेखी द्या, पोच घ्या, तक्रार टाकल्याची आणि नोंद निघाल्याची, दोन्ही तारखा घाला. मसुदा इथेच टाका, बघून देतो. आणि अर्जावर सही मामांची घ्या, तुमची नको.