‘पाच’ आणि ‘पाचवा’ यांत गोंधळ

प्रश्न (वेंगुर्ला): लेक पहिलीत आहे. पाच बांगडे मोजून देते, पण ‘पाचवा दे’ म्हटलं की पुन्हा पाचही पुढ्यात! कसं समजवू?

कुडाळची शिक्षिका: आधी ओळीत मांडा. आणि कुठल्या टोकाकडून मोजायचं ते सांगा, बहुतेक जण तेच विसरतात. मी वर्गात रेल्वे स्टेशनं घेते: कणकवली, सिंधुदुर्ग, कुडाळ, झाराप, सावंतवाडी. कणकवलीकडून सिंधुदुर्ग दुसरं, सावंतवाडीकडून चौथं. स्टेशनं मात्र पाचच. दोन्हीकडून तिसरं कुठलं, ते तिलाच शोधू दे. पोरं जाम खूश होतात.

देवगडचे आजोबा: भाद्रपदाचं पान काढा. चतुर्थी चौथी तिथी, ऋषिपंचमी पाचवी. बोट एकाच चौकोनावर ठेवायला लावा.

वेंगुर्ला: ताई, चिठ्ठ्या मांडल्यात. झाराप चौथं म्हणाली, लगेच फिरून दुसरं!