'ऑटोअँटिबॉडी'ला मराठीत काय म्हणावे?

तर्जुमा: मलेरियावरच्या लेखाच्या भाषांतरात ऑटोअँटिबॉडीला, म्हणजे स्वतःच्याच शरीरातल्या घटकांना चिकटणाऱ्या प्रतिपिंडांना (अँटिबॉडींना), 'स्वप्रतिपिंडे' लिहिले होते. संपादकांनी ते 'आत्मघातकी प्रतिपिंडे' केले. पण मूळ वाक्याचा सूर उलटा आहे. आफ्रिकेतल्या माली देशात ६०२ मुलामोठ्यांवर लक्ष ठेवले, तेव्हा मलेरियाच्या हंगामाआधी ज्या मुलांच्या रक्तात ही प्रतिपिंडे जास्त होती त्यांना पुढे मलेरियाचा ताप कमी आला (अभ्यास २०२४चा). 'आत्मघातकी' वाचून याचा अर्थ कसा लागणार?

मोरावळा: मग सरळ 'स्वरक्षक' करा. वाचकाला लगेच कळेल.

पॅथॉलॉजीवाली: 'स्वरक्षक' अजिबात नको, ते दुसऱ्या टोकाला जाते. फॉस्फाटिडिलसेरीन हे स्निग्ध द्रव्य निरोगी तांबड्या पेशीच्या पडद्यात आतल्या थरात असते. मलेरियात ते संसर्ग न झालेल्या पेशींवरही बाहेर येते. त्यावर प्रतिपिंडे चिकटली की पाणथरीतल्या भक्षक पेशी त्या धडधाकट पेशी गिळतात. उंदरांवर हे २०१६ मध्ये दाखवले गेले. औषधाने परजीवी गेल्यावरही पांडुरोग (ॲनिमिया) का रेंगाळतो, त्याचे हे एक कारण असू शकते. म्हणजे एकच जात, कामे दोन. रोजच्या कामातले उदाहरण व्हीडीआरएल या सिफिलिसच्या रक्तचाचणीचे. तिच्या अँटिजेनमध्ये (प्रतिपिंडे ज्याला चिकटतात त्या पदार्थात) कार्डिओलिपिन हे आपल्या पेशींतही असणारे स्निग्ध द्रव्य असते, त्यामुळे मलेरियाच्या रुग्णाची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. टीपीएचए ही खात्रीची चाचणी केल्याशिवाय सिफिलिसचा शिक्का मारू नये.

मोरावळा: 'पाणथरी' वाचून बरे वाटले. हल्ली सगळे 'प्लीहा' लिहितात.

सूक्ष्मदर्शी: 'स्व' तरी कितपत खरा? मालीच्या अभ्यासात संरक्षण मिळालेल्यांच्या रक्तातून वेगळी काढलेली ऑटोअँटिबॉडी मलेरियाच्या फाल्सिपेरम परजीवीच्या वाढीला आळा घालत होती, आणि परजीवी ज्या प्रथिनांच्या जोरावर तांबड्या पेशीत शिरतो त्यांनाच चिकटत होती. म्हणजे 'स्व'लाही धरते आणि 'पर'लाही. नाव पडले ते आधी कशाला चिकटताना सापडली यावरून.

आणि 'वाढ रोखली' हे वाक्य लिहिताना जपा. प्लाझ्मा (रक्तद्रव) तसाच कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या परजीवींत, टाकला आणि रुग्णाने मलेरियाच्या गोळ्या घेतलेल्या असल्या, तर परजीवी औषधानेच मरतो. म्हणून आधी प्रोटीन जी (प्रतिपिंडे धरून ठेवणारे प्रथिन) वापरून आयजीजी या प्रकारची प्रतिपिंडे वेगळी काढतात आणि डायलिसिस करून औषधासारखे लहान रेणू धुऊन टाकतात. मग शायझॉन्ट अवस्थेतले (पेशी फोडून बाहेर पडायच्या बेतातले) परजीवी, ओ गटाच्या पेशी आणि आयजीजी साधारण ४० तास एकत्र ठेवून परजीवीचे लॅक्टेट डीहायड्रोजिनेज हे विकर (एन्झाइम) मोजतात; त्यावरून परजीवी किती वाढले ते कळते. खरी मेख त्याच्या आधीची आहे. पेशींच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून आयजीजी बहुधा संसर्गरहित तांबड्या पेशींवर शोषून घेतात. त्या पायरीत तांबड्या पेशींना चिकटणारी ऑटोअँटिबॉडीच निघून जाते, आणि निष्कर्ष येतो 'परिणाम नाही'. शोषण केले की नाही, हे भाषांतरातून गाळू नका.

खडूफळा: 'पिंड' म्हणजे देह. 'पिंडी ते ब्रह्मांडी' मधला. जर्मन शास्त्रज्ञ एर्लिख यांनी १८९१ मध्ये अँटिबॉडीला 'अँटिकोर्पर' म्हटले, त्यातला 'कोर्पर'ही देहच. त्याच वर्षी त्यांनी मेथिलीन ब्लू हा निळा रंग देऊन मलेरियाच्या रुग्णांवर उपचार केले. मग 'स्व' जोडायला हरकत काय? 'स्वप्रतिपिंड' ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे एक ओळ खुलासा द्या.

मोरावळा: 'पिंड' म्हटले की घराघरांत श्राद्ध आठवते. कोविडच्या काळात भाजीवाल्याच्याही तोंडी 'अँटिबॉडी' होते. 'ऑटोअँटिबॉडी'च लिहा.

खडूफळा: त्या न्यायाने 'हिवताप' कधीच गेला असता. आरोग्य खात्याच्या भिंतींवर तो आजही आहे. हिव, म्हणजे थंडी, आणि मग ताप, असा रोगाचा क्रमच त्या शब्दात आहे. 'मलेरिया' म्हणजे इटालियनमधली वाईट हवा. रोग हवेने होत नाही हे कळूनही शब्द तसाच राहिला.

पॅथॉलॉजीवाली: माझे मत 'स्वलक्ष्यी प्रतिपिंडे'. कशाला चिकटतात तेवढेच सांगते, बरे-वाईट वाक्यावर सोडते.

सूक्ष्मदर्शी: फॉस्फाटिडिलसेरीनपुरते चालेल. परजीवीलाही धरणाऱ्यांना 'स्वलक्ष्यी' कसे म्हणणार?

तर्जुमा: संपादकांना आज कळवायचे आहे. 'स्वप्रतिपिंडे' ठेवू का?

खडूफळा: ठेवा, पण 'पिंड' पुल्लिंगी आहे. तो पिंड, ते पिंड. 'प्रतिपिंडे' हे नपुंसकलिंगी अनेकवचन आले कुठून?

मोरावळा: शाळेच्या पुस्तकांतून. आता तेच रूढ आहे.

खडूफळा: रूढ असले म्हणून व्याकरण बदलत नाही. 'प्रतिपिंड चिकटतात' असे लिहा.