लोकशाही ‘पुनःस्थापित’ करायची की ‘सावरायची’?

तळटीप
एका माहितीपुस्तिकेचं भाषांतर करतेय. विषय : खिळखिळी झालेली लोकशाही नागरिक आणि नेते पुन्हा मार्गावर कशी आणू शकतात. मूळ इंग्रजीत ‘रिस्टोअर’ हे क्रियापद पानोपानी आहे. मी पहिल्या खर्ड्यात सगळीकडे ‘पुनर्स्थापना’ लिहिलं. संपादकांनी समासात शेरा मारलाय, ‘ती आजारी आहे, गेलेली नाही.’
म्हणणं पटतं. चिलीत १९७३ ला लष्कराने सत्ता बळकावली आणि लोकांनी निवडलेला अध्यक्ष थेट १९९० मध्येच पुन्हा सत्तेवर आला, तोही नवा. तिथे पुनर्स्थापना म्हणता येईल. पण दक्षिण कोरियात डिसेंबर २०२४ मध्ये अध्यक्षांनी रात्री लष्करी कायदा पुकारला आणि उजाडायच्या आत संसदेने तो रद्द करायला लावला. तिथे काय ‘स्थापन’ झालं? पुस्तिकेत दोन्ही गोष्टी एकाच प्रकरणात आहेत.
पुनरुज्जीवन, जीर्णोद्धार, पूर्ववत करणे, सावरणे यांपैकी मला ‘सावरणे’ आवडतंय. संपादकांना ते फार घरगुती वाटतं. तुमचं मत?

काना_मात्रा
आधी ते ‘पुनर्स्थापना’ खोडा. पुढे ‘स्था’ असताना विसर्गाचा रफार होत नाही. पुनःस्थापना. पुनर्जन्म बरोबर, कारण पुढे ‘ज’ आहे. वर्तमानपत्रांनी हा शब्द इतका नासवलाय की बरोबर लिहिलं तर लोक चूक काढतात.
आणि मुळात ‘लोकशाही’ तरी कशाला? ‘शाही’ फारसी. शाह म्हणजे राजा. लोकांचं राज्य सांगायला राजाचा प्रत्यय! लोकतंत्र म्हणा.

जुना_खिळा
काना_मात्रा, मग तुम्ही ‘पुनर्रचना’ लिहिता की ‘पुनारचना’? र पुढे र आला की पहिला गळतो आणि आधीचा स्वर दीर्घ होतो. नीरोग, नीरस तसंच. नियमाने ‘पुनारचना’च हवं. आयुष्यभर मुद्रितं तपासली, ‘पुनारचना’ छापलेलं एकदाही पाहिलं नाही. आमच्या छापखान्यात एका नवशिक्याने हौसेने तसं केलं होतं, तर लेखकाने ‘पुण्याची रचना’ का लिहिलं म्हणून भांडण काढलं.
रूढ झालं ते झालं. पुनर्स्थापनाही दहा वर्षांत कोशात येईल.

काना_मात्रा
चूक जुनी झाली म्हणून ती शब्द होत नाही.

जुना_खिळा
मराठी बरीचशी तशीच तयार झाली आहे, महाराज.

उंबरठा
मूळ प्रश्नाकडे. ‘सावरणे’ला माझा पाठिंबा, पण त्यात एक गंमत आहे. ते दोन्हीकडून चालतं. ‘तो सावरला’ म्हणजे आपला आपण. ‘तिने घर सावरलं’ म्हणजे दुसऱ्याने. ‘लोकशाही सावरली’ एवढंच लिहिलं तर कोणी सावरली हे वाचकाला कळत नाही.
कोरियाचंच घ्या. त्या रात्री संसदेला सैनिकांनी वेढलं, तेव्हा काही खासदार कुंपणावरून उड्या मारून आत गेले. ३०० पैकी १९० जण पोचले आणि सगळ्यांनी ठरावाच्या बाजूने मत दिलं. बाहेर हजारो नागरिक जमले होते, सैनिकांची वाट अडवत होते. एप्रिल २०२५ मध्ये घटना न्यायालयाने अध्यक्षांना पदावरून दूर केलं. यात सावरणारा कोण? कर्ता एक नाहीच. मला तर ‘सावरली’ हेच प्रामाणिक वाटतं.

अर्धविराम
+१. लोकशाही सारवणे हाच शब्द योग्य. सोपा, सगळ्यांना कळणारा.

जुना_खिळा
सारवणे?? :)

अर्धविराम
बोट घसरलं. पण आता वाटतंय, राहू दे. चौकशी समिती नेमणं, अहवाल फडताळात ठेवणं, दोन अधिकाऱ्यांच्या बदल्या करणं, याला सारवासारव हाच शब्द आहे. पुस्तिकेत दोन प्रकरणं करा : सावरणे आणि सारवणे.

उंबरठा
आफ्रिकेतल्या मलावीत तर अक्षरशः सारवलं होतं. २०१९ च्या अध्यक्षीय निवडणुकीत निकालपत्रकांवरचे आकडे व्हाइटनर फासून बदललेले आढळले. विरोधक न्यायालयात गेले, लोक महिनोन्‌महिने रस्त्यावर होते आणि फेब्रुवारी २०२० मध्ये न्यायालयाने अख्खी निवडणूक रद्द केली. जूनमध्ये पुन्हा मतदान झालं, सत्तांतरही झालं. त्या न्यायाधीशांनी जे केलं त्याला मी बेधडक ‘दुरुस्ती’ म्हणेन.

काना_मात्रा
दुरुस्ती फारसी.

उंबरठा
कल्पना आहे.

तळटीप
उंबरठा, कर्ता लपणं हीच तर माझी अडचण. पुस्तिकेचा पहिला भाग ‘नागरिकांनी काय करावं’ आणि दुसरा ‘नेत्यांनी काय करावं’ असा आहे. मतदारयादी तपासा, स्थानिक बातमीदारी जगवा, निवडणुकीत निरीक्षक म्हणून उभे राहा, वगैरे एकीकडे. हरल्यावर हार मान्य करा, न्यायालयाचा निकाल पाळा, आपल्याच पक्षातल्या आडदांडांना आवरा, हे दुसरीकडे. क्रियापदाने दोघांना वेगळं दाखवायला हवं.

मोडीवाचक
नेत्यांकडून होणारं काम बहुतेक वेळा कायद्यातल्या शब्दांवरच होतं, हे या धाग्यावर कोणी कसं आणलं नाही? १९७५ ची आणीबाणी ‘अंतर्गत अशांतता’ या कारणाखाली आली. अशांतता म्हणजे काहीही. १९७७ च्या निवडणुकीत मतदारांनी सरकार बदललं आणि १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ते शब्द काढून ‘सशस्त्र उठाव’ घातले. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपती आणीबाणी पुकारू शकणार नाहीत, असंही त्यात आलं. जीविताचा हक्क आणीबाणीतही बंद ठेवता येणार नाही, हेही. नागरिकांनी मार्चमध्ये जे केलं ते काही दिवसांचं काम, त्याला खिळा ठोकायला पुढची जवळपास दोन वर्षं गेली.
म्हणून माझी सूचना : नागरिकांसाठी ‘सावरणे’, नेत्यांसाठी ‘डागडुजी’.

अर्धविराम
नेत्यांना डागडुजी दिलीत तर ते त्याचंही कंत्राट काढतील.

काना_मात्रा
माझ्या शाहीच्या मुद्द्याला बगल दिलेली दिसते. यादी करा : हुकूमशाही, झुंडशाही, घराणेशाही, नोकरशाही, दंडेलशाही. या पंगतीत लोकशाहीला बसवून वर तिला सावरायचं?

जुना_खिळा
आपल्या राज्यघटनेच्या उद्देशिकेच्या मराठी पाठात ‘लोकशाही गणराज्य’ आहे, हिंदीत ‘लोकतंत्रात्मक’. म्हणजे मराठीने ठरवलेलं आहे. शिवाय ‘तंत्र’ म्हटलं की आज माणसाला यंत्रच आठवतं. लोकतंत्र बिघडलं, तंत्रज्ञ बोलवा!

काना_मात्रा
‘स्वतंत्र’ म्हणताना आठवतं का यंत्र?

जुना_खिळा
हा मात्र चेंडू बरा टाकलात.

मोडीवाचक
तळटीप, पुस्तिकेत ‘अॅम्नेस्टी’ येतो का? तो कसा केलात?

तळटीप
‘सार्वत्रिक माफी’. का?

मोडीवाचक
कारण मूळ ग्रीकमध्ये माफी नाही, विस्मरण आहे. इ.स.पू. ४०३ मध्ये अथेन्समध्ये ‘तीस जणां’ची जुलमी राजवट उलथली आणि लोकशाही परत आली, तेव्हा नागरिकांनी शपथ घेतली की मागचं मनात धरणार नाही. माफीत अपराध आधी ठरवावा लागतो. इथे उकरायचंच नाही असं ठरलं.

अर्धविराम
झालं गेलं गंगेला मिळालं.

मोडीवाचक
सगळं नाही मिळालं. ते तीस जण आणि त्यांचे काही प्रमुख हस्तक यांना शपथेतून वगळलं होतं. पण त्यांनीही आपल्या कारभाराचा हिशेब नागरिकांपुढे दिला तर त्यांना शहरात राहता येणार होतं. मला हे कलम फार शहाणपणाचं वाटतं.

उंबरठा
आणि अर्जेंटिनात उलट. १९८३ मध्ये जाता जाता लष्कराने स्वतःलाच माफी देणारा कायदा केला. नव्या संसदेने तो लगेच रद्दबातल ठरवला आणि १९८५ मध्ये नऊ लष्करी म्होरक्यांवर न्यायालयात खटला चालला. पाच जणांना शिक्षा झाली. तिथे ‘विस्मरण’ लिहिलंत तर अनर्थ होईल. ‘माफी’च ठेवा, अवतरणचिन्हांत.

जुना_खिळा
हिशेबावरून आठवलं. ‘अकाउंटॅबिलिटी’ला हल्ली ‘उत्तरदायित्व’ लिहितात. जबाबदारी होती की! जबाब + दार, जबाब देणारा. तोच अर्थ.

काना_मात्रा
होता. आता जबाबदारी म्हणजे ओझं. ‘मी नैतिक जबाबदारी घेतो’ म्हणणारा नेता काही उत्तर देतो का? म्हणून नवा शब्द लागतो.

उंबरठा
‘जाब’ आहे ना! जबाबाचंच झिजलेलं रूप. जाब विचारणे, जाब देणे. नागरिक जाब विचारतात, नेते जाब देतात. तळटीपला हवे असलेले दोन्ही कर्ते आले.

तळटीप
हे आवडलं. पण ते ‘रिस्टोअर’ नाही. :( उद्या मजकूर द्यायचाय.

जुना_खिळा
एक दुरुस्ती, माझीच. फारसी ‘दार’ म्हणजे देणारा नव्हे, बाळगणारा. वर ‘जबाब देणारा’ लिहिलं ते चुकलंच. मतदार म्हणजे मत बाळगणारा. हिंदीवाल्यांचा ‘मतदाता’ मात्र देऊन मोकळा होतो.

काना_मात्रा
मतदाता शुद्ध आहे. मत संस्कृत, त्याला दार फारसी, हा संकर कशासाठी?

जुना_खिळा
मत दिल्यावरही पाच वर्षं ते स्वतःकडे ठेवण्यासाठी.

अर्धविराम
मग आमदार काय बाळगतो?

मोडीवाचक
आम म्हणजे सर्वसामान्य. खासदारातला ‘खास’ त्याच्या विरुद्ध. दिवाण-ए-आम, दिवाण-ए-खास आठवा.

काना_मात्रा
त्यासाठी वेगळा धागा काढा. आणि त्यात ‘विधायक’ का मागे पडला हेही लिहा.