कपिला गाय नेमकी कोणत्या रंगाची?

विचारणा : ‘कपिलाषष्ठीचा योग’ आपण सर्रास म्हणतो. त्यातली कपिला कोणत्या रंगाची? कोणी काळी म्हणतं, कोणी पांढरी. आणि ‘कपिल’ नुसता रंग म्हणून मराठीत चालेल का?

उत्तर : कपिल म्हणजे तांबूस-पिंगट. कपि म्हणजे माकड, त्याच्या अंगावरच्या केसांचा रंग तो कपिल, अशी व्युत्पत्ती सांगतात. अमरकोशात या छटेचे सहा शब्द एका ओळीत आलेत : कडार, कपिल, पिंग, पिशंग, कद्रु, पिंगल. रोजच्या मराठीत रंग म्हणून त्यांतला ‘पिंग’च तगला, तोही ‘पिंगट’ होऊन. पिंगट केस, पिंगट मिशा. पहाटे ओरडणारा पिंगळा त्याच घरातला.

भाद्रपद वद्य षष्ठी, मंगळवार, रोहिणी नक्षत्र, पंचांगातला व्यतीपात योग, शिवाय सूर्य हस्त नक्षत्रात, एवढं सगळं जुळलं की कपिलाषष्ठी. या दिवशी कपिला गाईचं दान सांगितलंय. इतकं जुळणं दुर्मीळ, म्हणून वर्षांनी दारात आलेल्या पाहुण्याला आपण म्हणतो, “आज कपिलाषष्ठीचा योग!”

आता वापराचं. ‘कपिल रंगाची साडी’ मला तरी खटकते. ऐकणाऱ्याला आधी माणसाचं नाव आठवेल. केसांना पिंगट, मातीला तांबूस, बुटांना तपकिरी, हेच बरं. हल्ली मात्र सगळ्यालाच तपकिरी म्हणतात याचं वाईट वाटतं. तो शब्द तपकिरीच्या, म्हणजे नाकात ओढायच्या तंबाखूच्या, पुडीतून आलेला. तंबाखूच आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आली, त्यामुळे शब्दही त्यानंतरचाच. पिंगट त्याहून कितीतरी जुन्या मुळाचा. तो केसांपुरताच का ठेवायचा? घोडा, कुत्रा, वाळलेलं गवत, सगळ्यांना शोभतो.

पुरवणी : काळ्या-पांढऱ्याचा घोळ उगाच नाही. ‘कोकण कपिला’ ही महाराष्ट्र-गोव्याच्या किनारपट्टीतली नोंदणीकृत गोजात. तिच्यात तांबूस गाई असतात तशा काळ्या आणि पांढऱ्याही. तिथे कपिला हे जातीचं नाव झालंय, रंगाशी ते बांधलेलं नाही. पूजेच्या संदर्भात मात्र वरचाच अर्थ धरावा.

आणखी एक. शेंद्रीच्या फळांवरच्या लाल भुकटीलाही कपिला म्हणतात. रेशीम रंगवायला ती वापरत. तिचं संस्कृत नाव कंपिल्लक, म्हणून तिला गाईच्या रंगाशी जोडू नये.