सुरेश भटांच्या गीतांपैकी आपल्या आवडीचे कोणते?

महालकर: नागपुरातील रेशीमबागेच्या सुरेश भट सभागृहातून परतताना आमच्यात वाद झाला, की भटांच्या शब्दांना हृदयनाथ मंगेशकरांनी दिलेल्या चालींपैकी सर्वांत सरस कोणती. माझे मत ‘मालवून टाक दीप’ला. आपले?

धरमपेठवासी: निःसंशय ‘केव्हातरी पहाटे’. ‘रात्र गेली’ हा रदीफ, म्हणजे शेरांच्या शेवटी येणारे तेच शब्द, पुन्हापुन्हा येतो, तरीही आशाबाई तो दर वेळी निराळ्या भावाने सोडतात आणि चाल गझलेचा घाट कुठेही मोडत नाही.

इतवारीकर: दोघांच्याही निवडी रात्रीच्याच निघाल्या! मला ‘मेंदीच्या पानावर’ अधिक जवळचे वाटते.

बर्डीकर: प्रश्न भटांचा आहे हे मान्य, पण हृदयनाथांच्या चालींचाच विषय असेल, तर आपल्या नागपूरच्या कवी ग्रेसांचे ‘भय इथले संपत नाही’ वगळून निकाल कसा लावणार?

महालकर: मग वाद आणखी लांबेल. चालेल.